खतना: गप्प राहण्यामागचा इतिहास आणि तक्रारीची वाट

ठाण्यापासून वाशी-पनवेलपर्यंत कुठेही कडीकोयंडे, काच किंवा रंग घ्यायचा म्हटलं की पाय बोहऱ्याच्या दुकानाकडे वळतात. दाऊदी बोहरा समाज आपला जुना शेजारी. व्यापारात सचोटीचा, मुलींना शिकवणारा. याच समाजात साधारण सातव्या वर्षी मुलीचा खतना करायची रूढी आहे. तिला खफ्ज असंही म्हणतात. यात क्लिटोरिसवरची त्वचा कापतात, काही वेळा नुसती चीर देतात. जागतिक आरोग्य संघटनेने स्त्रियांच्या जननेंद्रियांना इजा करणाऱ्या प्रथांचे चार प्रकार सांगितले आहेत. कापणं पहिल्या प्रकारात मोडतं, टोचणं किंवा चीर देणं चौथ्यात. आरोग्याला फायदा कशाचाच नाही, हेही संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे.

प्रथेचं मूळ येमेनमार्गे गुजरातेत आलेल्या, शिया मुस्लिमांतल्या इस्माइली परंपरेत सापडतं, आणि तिचे समर्थक दहाव्या शतकातल्या ‘दाइम अल-इस्लाम’ या ग्रंथाचा दाखला देतात. भारतातल्या इतर बहुतेक मुस्लिमांत ही रूढी नाही. केरळात कोझिकोडला एका दवाखान्यात ती चालत असल्याचं 2017 मध्ये उघड झालं, तेव्हा हा फक्त बोहरांचा प्रश्न नाही हेही कळलं.

यावर पहिल्यांदा बोट ठेवलं ते बाहेरच्यांनी नाही. मुंबई आयआयटीत शिकवणाऱ्या रेहाना घडियाली यांनी 1991 मध्ये ‘मानुषी’ या नियतकालिकात यावर लेख लिहिला. पुढची वीस वर्षं जवळपास शांतता. 2011 मध्ये तस्लीम या टोपणनावाने एका बोहरा स्त्रीने धर्मगुरूंना उद्देशून ऑनलाइन अर्ज काढला. खरं नाव घालायची सोय नव्हती. 2015 हे वळणाचं वर्ष. मुंबईत ‘सहियो’ संघटना उभी राहिली, आणि मासूमा रणालवी यांनी स्वतःच्या नावाने स्वतःची हकीकत लिहिली: आजी खाऊचं आमिष दाखवून बोहरी मोहल्ल्यातल्या एका जुन्या इमारतीत घेऊन गेली, आणि तिथे जे झालं त्याबद्दल घरात कुणी कधी चकार शब्द काढला नाही. अशा हकीकती नंतर कितीतरी आल्या. जवळजवळ प्रत्येकीत हात धरून नेणारी बाई आई, आजी किंवा मावशी असते, आणि तिच्या मनात मुलीचं भलंच असतं. पोलिसात जायचं म्हणजे आजीविरुद्ध जायचं. तक्रार होत नाही याचं पहिलं कारण इथेच आहे.

दुसरं कारण मात्र घरापुरतं नाही. ते आहे वाळीत पडण्याची भीती. बोहरा समाजात बहिष्काराला ‘बरात’ म्हणतात. बरात झालेल्याला नातेवाईक तोडतात, धंदा बसतो, समाजाच्या कब्रस्तानात जागा मिळत नाही. ही भीती कायद्याने मोडायचा प्रयत्न आपल्याच राज्याने फार आधी केला होता. मुंबई प्रांताने 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. समाजाचे तत्कालीन सय्यदना, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मताने रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात राहिले. असगर अली इंजिनिअर आणि इतर सुधारकांनी पुढची कित्येक दशकं या बहिष्काराशी झगडण्यात घालवली. माझ्या मते खतन्याचा इतिहास या निकालापासून सुटा करून वाचताच येत नाही. बोलणाऱ्याचं घर सुरक्षित नसेल तर बोलणार कोण?

मराठी माणसाला ही भीती परकी नाही. रायगडातल्या गावक्यांनी, म्हणजे गावच्या पंचांनी, वाळीत टाकलेली कुटुंबं आणि जातपंचायतींचे दंड यांविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समिती लढली, त्यातून महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला आणि 2017 मध्ये लागू झाला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाणे जिल्ह्यात तो कामी आल्याचं उदाहरण अंबरनाथचं. कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीला विरोध करणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकल्याबद्दल 2019 मध्ये तिथे गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी राज्य सरकारने कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचार मानला जाईल असं जाहीर केलं. खतन्याबाबत असं काही झालं नाही, आणि हा फरक मला खटकतो. मुलीच्या अंगावर चालणाऱ्या एका रूढीवर सरकार बोलतं, दुसरीवर गप्प राहतं.

दिल्लीतली कहाणी अशीच अडखळत चालली. 2017 मध्ये खतन्यावर बंदी मागणारी वकील सुनीता तिवारी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. मे महिन्यात तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी म्हणाल्या, समाजाने थांबवलं नाही तर कायदा करू. डिसेंबरात त्यांच्याच मंत्रालयाने न्यायालयाला सांगितलं, अशी प्रथा असल्याची अधिकृत आकडेवारी नाही. आकडेवारी येणार कुठून? गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदीत यासाठी रकानाच नाही. दरम्यान ‘सहियो’च्या पाहणीत 385 स्त्रियांपैकी 80 टक्के जणींनी आपला खतना झाल्याचं सांगितलं होतं. 2018 मध्ये महान्यायवादी वेणुगोपाल यांनी, हे सध्याच्या कायद्यांनुसारही गुन्हाच आहे, अशी बाजू मांडली. खतना धार्मिक आणि निरुपद्रवी आहे, असं सांगणाऱ्या बोहरा स्त्रियांची संघटनाही न्यायालयात उभी राहिली. सप्टेंबर 2018 मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं, 2019 मध्ये शबरीमलाच्या निकालात त्यातले प्रश्न मोठ्या पीठाच्या प्रश्नांना जोडले गेले. 2023 मध्ये बहिष्काराचा जुना वादही नऊ न्यायमूर्तींच्या त्याच मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला. म्हणजे कापण्याचा प्रश्न आणि वाळीत टाकण्याचा प्रश्न शेवटी एकाच दाराशी येऊन थांबले.

परदेशातल्या घडामोडींनीही इथे हालचाल झाली. ऑस्ट्रेलियात 2015 मध्ये बोहरा समाजातल्या तिघांना दोषी ठरवलं गेलं. त्यानंतर तिथल्या, ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या जमातींनी, म्हणजे बोहरांच्या स्थानिक समाजसंस्थांनी, स्थानिक कायदा पाळा, अशी पत्रं काढली. भारतातल्या मुलींसाठी असं पत्र निघालं नाही, कारण इथे स्वतंत्र कायदाच नव्हता. उलट परदेशातल्या मुलींना इथे आणून खतना केला जातो, असं 2018 च्या एका अभ्यासात नोंदलं गेलं.

स्वतंत्र कायदा नसला तरी तक्रारीची वाट आहे. पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. त्याच्या कलम 19 नुसार लहान मुलावर गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा असा गुन्हा होण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘शक्यता’ या शब्दाला इथे फार मोल आहे, कारण सातव्या वर्षाच्या आधी थांबवता आलं तरच मुलगी वाचते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, मुलीची ओळख गुप्त ठेवावी लागते. पॉक्सो खतन्याला नेमका कसा लागू होतो यावर वकिलांत वाद आहे. पण कापणं ही इजा आहेच, आणि दुखापतीची कलमं भारतीय न्याय संहितेतही आहेत. थेट पोलिस ठाण्यात जायला मन धजावत नसेल तर मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनवर फोन करता येतो, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जाता येतं. शाळेच्या बाई, बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्या कानावर हे आधी येण्याची शक्यता जास्त. आणि ‘आमच्या मुलीचा करणार नाही’ असं सांगणाऱ्या आईला समाजाने तोडलं, तर त्या आईने किंवा तिच्या घरच्या कुणी 2016 च्या कायद्याखाली वेगळी तक्रार द्यायची असते. या दुसऱ्या तक्रारीची माहिती पहिलीइतकीच तिच्यापर्यंत पोचायला हवी.