सामायिक आभासी जगे, रचनेची साधने
परस्परांपासून दूर असलेल्या अनेकांना एकाच त्रिमितीय अवकाशात एकाच वेळी वावरता, बोलता व वस्तू हाताळता याव्यात, म्हणून असा अवकाश रचणारी व चालता ठेवणारी संगणकीय साधने. यांतील अवघड भाग चित्र रेखाटण्याचा नव्हे. सर्वांच्या संगणकांवर जगाची स्थिती एकसारखी राखण्याचा आहे.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ संस्थेने 1983 च्या सुमारास हाती घेतलेल्या ‘सिमनेट’ या रणगाडा-प्रशिक्षण जाळ्यात मानतात. इतर काही जण 1990 च्या आसपासच्या, व्हीपीएल रिसर्च या कंपनीच्या ‘रिअ‍ॅलिटी बिल्ट फॉर टू’ला मान देतात, त्यात हेडसेट घातलेल्या दोन व्यक्ती एका जगात भेटत. मात्र सिमनेट एकाच कामासाठी घडवलेले होते आणि दुसरी प्रणाली नावाप्रमाणे दोघांपुरती. इतरांना आपापली जगे रचता येतील असे सर्वसाधारण साधन म्हणून स्वीडनच्या संगणकशास्त्र संस्थेतील ‘डाइव्ह’ (सुमारे 1991) याचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. डाइव्हमध्ये जगाची प्रत प्रत्येक सहभागी संगणकावर असे व बदल परस्परांना कळवले जात.

तरीही सिमनेटचे ऋण मोठे आहे. तेथे ‘डेड रेकनिंग’ वापरले गेले. हे नाव वेग व दिशा यांवरून जहाजाचे ठिकाण अंदाजण्याच्या जुन्या रीतीचे. प्रत्येक संगणक इतरांच्या रणगाड्यांची जागा शेवटच्या संदेशातील वेगावरून स्वतःच पुढे मोजत राही. रणगाड्याचा मूळ संगणकही तोच अंदाज मोजून खऱ्या जागेशी ताडून पाही आणि तफावत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तरच नवा संदेश पाठवी. संदेशांची संख्या त्यामुळे फार घटली. वेगवेगळ्या ठिकाणची प्रशिक्षण-आभासने जोडण्यासाठीच्या 1993 च्या ‘डीआयएस’ या मानकात (ते आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचे) ही रीत आली. तिची मर्यादा अशी, की अंदाज चुकल्यास वस्तू अचानक उडी मारल्यासारखी दिसते. सुधारित जागेकडे ती हळूहळू सरकवून हा दोष झाकला जातो.

अ‍ॅलन के, डेव्हिड स्मिथ, डेव्हिड रीड व अँड्रियास राब यांच्या ‘क्रोके’ या सामायिक जगे रचण्याच्या प्रणालीने निराळी वाट धरली. सर्व संगणकांना तेच संदेश त्याच क्रमाने द्यायचे, म्हणजे प्रत्येकाचे गणित आपोआप जुळते. कल्पना देखणी आहे, पण गणनेत किंचितही फरक पडला तर जगे वेगळी होतात.

काही साधने ब्राउझरकडे वळली. ‘व्हीआरएमएल’ ही त्रिमितीय जगांचे वर्णन करणारी भाषा 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. मोझिलाने 2018 मध्ये आणलेल्या ‘हब्स’मध्ये दुव्यावरून थेट खोलीत शिरता येई, मोझिलाने ती सेवा 2024 मध्ये थांबवली, पण मुक्त संहितेमुळे ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. मोझिलातच सुरू झालेल्या, ब्राउझरमध्ये आभासी जगे रचण्याच्या ‘ए-फ्रेम’ या साधनाच्या मूळ मजकूर-घटकात अक्षरे सुटी मांडली जातात, देवनागरी जोडाक्षरे त्यात नीट जुळत नाहीत. मराठी पाटी हवी असल्यास ती चित्र म्हणून लावणे हा खात्रीचा उपाय.