द्विमान आणि बीसीडी : एकाच बाइटचे दोन अर्थ

डीएस१३०७ ही घड्याळाची चिप मायक्रोकंट्रोलरला जोडली आणि सेकंद जसेच्या तसे छापले, की पडद्यावर ७, ८, ९ येतं आणि त्यानंतर एकदम १६. मग २५ पर्यंत सुरळीत, पुन्हा उडी, ३२. मिनिट संपतं ८९ वर. वायरिंग उकलत बसू नका. चिप बरोबर लिहिते आहे, फक्त ती बीसीडीत (बायनरी कोडेड डेसिमल, म्हणजे दशमान संख्येचा प्रत्येक अंक चार बिटांत वेगळा) लिहिते आणि प्रोग्राम ते शुद्ध द्विमान (बायनरी) समजून वाचतो.

दोन्हीकडे ० आणि १ च असतात, वेगळी असते ती स्थानिक किंमत. शुद्ध द्विमानात आठ जागांच्या किमती उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. बीसीडीत बाइटचे चार-चार बिटांचे दोन तुकडे पडतात, उजवा एककाचा आणि डावा दशकाचा. त्यामुळे किमती होतात १, २, ४, ८ आणि पुढे १०, २०, ४०, ८०. आता ०१०० ०१०१ वाचा. द्विमानात ६४ + ४ + १ म्हणजे ६९, बीसीडीत ४० + ४ + १ म्हणजे ४५.

० ते ९ मात्र दोन्हींत अगदी सारखे, आणि चूक दडून राहते ती इथेच. २००९ साली वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांचा बाइट कसाही वाचला तरी ९ च यायचा. २०१० उजाडलं, बाइट ०००१ ०००० झाला आणि काही फोनवरच्या संदेशांवर, ऑस्ट्रेलियातल्या काही कार्ड-यंत्रांवर थेट २०१६ साल उमटलं. म्हणून चाचणी नेहमी दोन अंकी संख्येवर घ्यावी.

षोडशमानात (हेक्स, म्हणजे १६ पायाच्या पद्धतीत) छापलं की आकडे बरोबर दिसतात, त्यावरून बीसीडी आणि षोडशमान एकच, असा समज होतो. तो चुकीचा आहे. षोडशमानात चार बिट ० ते १५ पर्यंत जातात, बीसीडीत ९ वर थांबतात. चार बिटांच्या उरलेल्या सहा जोडण्या (१० ते १५) तिथे अवैध. शिवाय छपाई सुधारली तरी हिशेब सुधारत नाही. १० व्या मिनिटातून ९ वं मिनिट वजा केलं तर १६ − ९ होऊन उत्तर ७ येईल.

रूपांतर सोपं आहे. बाइटला १६ ने भागा. भागाकार हा दशक, बाकी हा एकक. दशकाला १० ने गुणून एकक मिळवा. उलट जाताना १० ने भागून दशकाला १६ ने गुणा. चिपकडून आलेला बाइट रूपांतरित करण्याआधी मात्र खुणेचे बिट काढलेच पाहिजेत. सेकंदांच्या बाइटचा सर्वांत डावा बिट घड्याळ थांबल्याची खूण असतो, त्यामुळे आधी १२७ शी अँड (दोन्हींत १ असेल तिथेच १ ठेवणारी क्रिया) करा, नाहीतर ४५ चे १२५ दिसतील. तासांसाठी २४ तासांच्या पद्धतीत ६३, १२ तासांच्या पद्धतीत ३१.

एका बाइटमध्ये द्विमानात ० ते २५५ मावतात, बीसीडीत फक्त ० ते ९९. एवढी जागा वाया घालवण्यामागे कारण आहे: एकक आणि दशक आधीच सुटे असल्याने ते भागाकार न करता अंकदर्शकावर पाठवता येतात. शिवाय ०.१ द्विमानात नेमका लिहिताच येत नाही, दशमान अंकांत येतो. पैशांच्या हिशेबात हे मोलाचं.

बेरजेत मात्र बीसीडी काळजी मागते. ८ + ५ केल्यावर ११०१ येतं, तो अवैध अंक. त्यात ६ मिळवले की हातचा १ आणि खाली ३, म्हणजे १३. ६ च का? कारण त्या सहा अवैध जोडण्या ओलांडायच्या असतात. ८०८५ या मायक्रोप्रोसेसरमध्ये हे काम डीएए ही आज्ञा करते. ती फक्त अंक ९ च्या वर गेला का एवढंच पाहत नाही, खालच्या चार बिटांतून हातचा गेला का हेही पाहते. स्वतः कोड लिहिताना ही दुसरी अट राहून गेली तर ९ + ८ चं उत्तर बीसीडीत ११ येतं, आणि दोन्ही अंक वैध असल्याने ती चूक सहज नजरेतून सुटते.