गॅबनचा 'स्वतःचा' पक्षी : पार्श्वभूमी

ऑगस्ट 2008 मध्ये गॅबन या मध्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या देशात, त्याच्या नैऋत्य भागातल्या एका रॉबिनला नवं शास्त्रीय नाव मिळालं. तेव्हा सुरू झालेली चर्चा अजून पुरती मिटलेली नाही. पक्षी चिमणीहून लहान. नराचा गळा आणि छाती पेटत्या नारिंगी रंगाची, पोट पिवळं, पाठ हिरवट तपकिरी, डोकं काळं. मादीत हेच रंग जरा विझलेले. दोघांच्याही डोळ्यापुढे एक पांढरा ठिपका. घनदाट जंगलाच्या तळाशी, जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर याचा वावर. लष्करी मुंग्यांची रांग निघाली की तिच्यापुढे पळणारे किडे टिपायला हा हजर. पक्षी देखणा आहे, पण वाद देखणेपणाचा नव्हता. गॅबनला स्वतःचा म्हणावा असा एकतरी पक्षी आहे का, हा मुद्दा होता.

गॅबनच्या यादीत सातशेच्या आसपास प्रजाती आहेत. त्यातल्या जवळपास सगळ्याच शेजारच्या कॅमेरून, काँगो, विषुववृत्तीय गिनी यांपैकी कुठे ना कुठे सापडतात. त्यात नवल काही नाही. कॅमेरूनच्या किनाऱ्यापासून काँगो नदीच्या मुखाकडे जाणारं जंगल सलग आहे, सीमा माणसांनी आखल्या. दूरची बेटं नाहीत, फार उंच पर्वत नाहीत. सर्वांत उंच शिखरही हजार मीटरच्या थोडंसंच वर जातं. कॅमेरूनला पर्वतरांगांमुळे स्वतःचे पक्षी मिळाले, गॅबनला मिळाले नाहीत. जगभरच्या याद्या आणि देणग्या मात्र 'फक्त इथेच सापडणारा' या एका निकषाभोवती फिरत राहिल्या, आणि तिथे गॅबन नेहमी मागे राहिलं.

एकोणिसाव्या शतकाबद्दल थोडक्यात. 1850 च्या दशकात या किनाऱ्यावरून पक्ष्यांची कातडी फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात जाऊ लागली, पुढे युरोपातही. चिठ्ठीवर बहुतेकदा एकच शब्द असे, 'गॅबून'. त्या काळी या शब्दात आजची राजधानी लिब्रेव्हिल हिच्या खाडीपासून उत्तरेकडचा बराच किनारा मावत असे. म्हणजे 'गॅबूनमध्ये पकडलेला' पक्षी आजच्या गॅबनमधला असेलच असं नाही. ही ढिलाई पुढे महागात पडली, कारण आपल्या रॉबिनचाच एक भाऊबंद 1883 मध्ये 'गॅबोनेन्सिस' या नावाने नोंदला गेला. देशाचं नाव एका रूपाला आधीच लागलेलं होतं, आणि सव्वाशे वर्षांनी त्याच देशात दुसरं रूप निघालं.

खरं काम सुरू झालं ते स्वातंत्र्यानंतर. 1960 च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञांनी ईशान्येला, आधी बेलिंगाच्या डोंगरात आणि मग माकोकूजवळ इविंदो नदीकाठी, संशोधन केंद्र उभं केलं. बंदूक घेऊन फिरण्याऐवजी वर्षानुवर्षं एकाच तुकड्यात बसून बघायचं, ही पद्धत मध्य आफ्रिकेच्या जंगलात इथे रुजली. कोणता पक्षी तळाशी, कोणता मधल्या फांद्यांत, कोणता शेंड्यावर. संमिश्र थव्यात पुढे कोण असतो आणि कोण मागून येतो. अंडी किती आणि कोणत्या पावसात. आज गॅबनच्या जंगली पक्ष्यांबद्दल जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं त्या नदीकाठचं आहे. पण ते ईशान्येचं आहे. नैऋत्येचा किनारा, तिथली खाजणं आणि माळ तोवर जवळजवळ कोरेच होते.

नैऋत्येला आधी पोहोचलं ते तेल. गाम्बा आणि नंतर राबी इथल्या तेलक्षेत्रांमुळे वस्ती, धावपट्टी आणि रस्ते आले, आणि त्याच रस्त्यांवर कंपनीचा पहारा असल्याने शिकाऱ्यांची ये-जाही आटोक्यात राहिली. हे बोलायला अवघड वाटतं, पण आहे तसंच. 2000 नंतर एका अमेरिकी संग्रहालयाच्या पथकाने तेल कंपनीच्या पैशातून इथे मोजदाद सुरू केली. 2001 मध्ये जाळ्यात तो नारिंगी रॉबिन आला. सुरुवातीला तो माहीत असलेल्याच प्रजातीचं पिल्लू वाटला. 2003 मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहातल्या जुन्या नमुन्यांशेजारी ठेवून पाहिल्यावर रंग जुळेना. मग डीएनए तपासला, आणि पाच वर्षांनी नाव जाहीर झालं.

इथून भांडण सुरू होतं. या गटातले रॉबिन पश्चिम आफ्रिकेपासून युगांडापर्यंत पसरले आहेत. 2008 आधी त्यांची चार रूपं मानली जात. त्यातलं चौथं 1999 मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या जंगलातून आलं. काहींच्या मते ती चार स्वतंत्र प्रजाती, काहींच्या मते एकाच प्रजातीच्या चार उपजाती. गॅबनचा पाचवा आला तो या अर्धवट भांडणात. त्याच्या बाजूचा युक्तिवाद असा: रंग ठळक वेगळा, डीएनए वेगळा, राहण्याचा टापू वेगळा. विरुद्ध बाजू म्हणते, मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त आईकडून येतो, त्यावर एकट्यावर विसंबून प्रजात ठरवू नये. आणि दोन रूपांचे टापू जिथे भिडतात तिथे जाळी लावून पाहिल्याशिवाय ती एकमेकांत मिसळतात की नाही हे कसं सांगणार? 2017 च्या सुमारास आणखी एका गटाने डीएनएच्याच आधारावर याच कुळातल्या तीन नव्या प्रजाती सुचवल्या, आणि भांडण आणखी फाटलं. परिणाम असा की काही जागतिक याद्यांनी गॅबनच्या पक्ष्याला प्रजात मानलं, काहींनी उपजात म्हणून आत ढकललं. यादी बदलली की गॅबनच्या स्वतःच्या पक्ष्यांची संख्या एक होते किंवा शून्य.

हा कागदी खेळ नाही. धोक्यात असलेल्या पक्ष्यांची जागतिक यादी प्रजातींची असते. उपजात म्हटली की तिचं वेगळं मूल्यमापन होत नाही. तिचा टापू उद्या तोडला गेला, तरी युगांडापर्यंत पसरलेल्या 'त्याच' प्रजातीचा आकडा फारसा हलत नाही. आफ्रिकेतल्या राखी पोपटाचं उदाहरण जवळचंच आहे. पश्चिम टोकाच्या, गडद शेपटीच्या पोपटाला 2012 मध्ये त्या यादीत वेगळी प्रजात मानलं गेलं, तेव्हाच त्याची अवस्था स्वतंत्रपणे मोजली जाऊ लागली. तरीही माझा कल सावधगिरीकडे आहे. रॉबिनला घाईने प्रजात म्हणणाऱ्यांचा शास्त्राइतकाच देशाच्या नावावर एक पक्षी लावण्याचाही हेतू होता असं वाटतं. आणि या हट्टापायी दुसऱ्या पक्ष्यांकडे दुर्लक्ष झालं, ही खरी तक्रार.

ते दुसरे पक्षी जंगलातले नाहीत. गाम्बाच्या आसपास समुद्र आणि खाजणांच्या मध्ये गवताळ माळाचे पट्टे आहेत, खाली बारीक वाळू. तिथे गुलाबी वेडा राघू हजारोंच्या वसाहती करतो. आपला वेडा राघू बांधाच्या उभ्या काठात बीळ खोदतो. हा सपाट जमिनीत तिरपा खाली शिरतो. वरून स्लेटी, खालून गडद गुलाबी, गालावर पांढरी पट्टी. वसाहतीच्या जागी माळावर जिकडेतिकडे भोकं आणि प्रत्येक भोकाच्या तोंडाशी उकरलेल्या वाळूचा छोटा ढीग. त्याच माळावर, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास, काळी, लाल चोचीची आणि लाल डोळ्यांची नदी-पाकोळी घरटी करते, अनेकदा याच राघूंच्या शेजारी. ही पाकोळी बराच काळ काँगो आणि उबांगी नद्यांच्या वाळूच्या बेटांवरचीच समजली जात होती. किनाऱ्यावरच्या वसाहती नंतर उजेडात आल्या. तिच्या जवळच्या नात्यात जगात एकच पाकोळी आहे, थायलंडची. ती 1968 मध्ये एका तळ्यावर सापडली आणि दहा-बारा वर्षांतच दिसेनाशी झाली. म्हणजे गॅबनच्या माळावर जे घरटं करतं, ते एका कुळशाखेतलं शेवटचं असण्याची दाट शक्यता आहे. ती काँगोतही आहे एवढ्याच कारणाने गॅबनच्या खात्यात तिची किंमत कमी धरली जाते.

2002 चा निर्णय या संदर्भात वाचायला हवा. त्या वर्षी जोहान्सबर्गच्या जागतिक परिषदेत तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनी 13 राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली. देशाच्या जमिनीचा सुमारे अकरा टक्के भाग एका फटक्यात. त्याआधी एका अमेरिकी संशोधकाने काँगोपासून गॅबनच्या किनाऱ्यापर्यंत जंगलातून केलेली पायपीट जगभर गाजली होती, आणि तिने आणलेली छायाचित्रं निर्णयामागे मोठं वजन ठरली. छायाचित्रांत हत्ती, गोरिला आणि लाटांत उतरलेले पाणघोडे होते. नकाशावरच्या रेषा पक्ष्यांनी आखल्या असत्या तर त्या थोड्या वेगळ्या पडल्या असत्या. तरीही खूप काही पदरात पडलं: लिब्रेव्हिलच्या दोन बाजूंना अकांदा आणि पोंगारा, जिथल्या खारफुटीत आणि चिखलात युरोप-सायबेरियाचे किनारपक्षी हिवाळा काढतात, मोंट्स द क्रिस्टालचे ओले डोंगर, किनाऱ्यावर लोआंगो, आणि रॉबिनच्या टापूतलं मुकालाबा-दूदू.

मधल्या भागातलं लोपे हे वेगळं प्रकरण. त्याच्या उत्तरेचा बराच भाग माळ आहे, कोरड्या हवामानाच्या जुन्या काळाचा अवशेष आणि माणसाच्या हजारो वर्षांच्या वावराचा परिणामही. जंगल सतत त्यावर चढाई करतं, म्हणून उद्यान कोरड्या महिन्यांत ठरवून आग लावतं. बाहेरच्या पाहुण्याला राष्ट्रीय उद्यानातला धूर पाहून धक्का बसतो. आग थांबवली, तर लांब पायांचा तीरचिमणा आणि गवतातले छोटे वटवटे जागा गमावतील. लावली, तर झुडपांच्या कडेला वाढणाऱ्या ओकुमेच्या रोपांचा बळी जातो. ओकुमे म्हणजे गॅबनचं निर्यातीचं लाकूड, आणि ते मोकळी जागा मिळाली की आधी उगवणाऱ्या झाडांपैकी. आजची कितीतरी 'आदिम' ओकुमेची जंगलं जुन्या शेतांवर उभी आहेत. लोपे 2007 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं, ते निसर्गाइतकंच इथल्या जुन्या माणसांच्या खुणांसाठीही.

अलीकडचं बरंच काही राखी पोपटाभोवती घडलं. 1970 च्या दशकापासून दहा लाखांहून अधिक पोपट जंगलातून पकडून कायदेशीर मार्गाने विकले गेले. वाटेत मेलेले वेगळे. घानामध्ये 1990 च्या दशकानंतर थवे नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. युरोपने 2005 मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने आयात थांबवली आणि दोन वर्षांनी ती बंदी कायम केली, तेव्हा व्यापार आशियाकडे वळला. 2016 मध्ये, पुन्हा जोहान्सबर्गमध्येच, वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात जंगलातून पकडलेल्या राखी पोपटांच्या व्यापारावर संपूर्ण बंदीचा ठराव आला. मांडणाऱ्या देशांत गॅबन होतं, विरोधात काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक. गुप्त मतदानात ठराव 95 विरुद्ध 35 ने मंजूर झाला आणि जानेवारी 2017 पासून लागू झाला. गॅबनकडे अजून मोठे थवे होते, तरी त्याने स्वतःच्या हातून हा व्यापार बंद केला. त्या देशाच्या पक्षी-धोरणातला हा सर्वांत निःसंदिग्ध निर्णय म्हणायला हरकत नाही. पुण्या-मुंबईच्या घरांत बोलणारे 'ग्रे' पाळणाऱ्यांना याची झळ उशिरा लागली: अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करण्याचे केंद्राचे नियम 2024 मध्ये आले.

शिकार आणि व्यापाराला कायदा अडवतो, हवामानाला नाही. लोपेमध्ये 1980 च्या दशकापासून महिन्यामहिन्याला ठरावीक झाडं तपासली जात आहेत. 1987 मध्ये सरासरी दहा झाडं पाहिली की एकावर पिकलेलं फळ मिळे. 2018 मध्ये पन्नासहून अधिक पाहावी लागत. रात्री पुरेशा थंड होत नाहीत, म्हणून काही झाडं फुलतच नाहीत, असा एक अंदाज आहे. ही नोंद 2020 मध्ये गाजली ती हडकलेल्या हत्तींच्या छायाचित्रांमुळे. त्याच फळांवर काळ्या शिरस्त्राणाचे धनेश आणि हिरवी कबुतरंही जगतात. त्यांच्याबद्दल त्यावेळी फारसं कोणी विचारलं नाही.

ईशान्येला, जिथे हे सगळं सुरू झालं, तिथे आता बेलिंगाच्या लोखंडाचा प्रश्न आहे. 2000 च्या दशकात एका चिनी कंपनीच्या खाणीसाठी इविंदो उद्यानातल्या कोंगू धबधब्यावर धरणाचा बेत झाला होता. स्थानिक कार्यकर्त्यांनी त्याला विरोध लावून धरला, त्यातल्या काहींना तुरुंगही पाहावा लागला, आणि बेत बारगळला. 2021 मध्ये इविंदो जागतिक वारसा झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे लष्कराने सत्ता घेतली त्याच वर्षी, एका ऑस्ट्रेलियन कंपनीने बेलिंगाचं पहिलं खनिज रेल्वेने समुद्राकडे पाठवलं. या भागातल्या खडकांच्या छपराखाली पिकाथार्टिस मातीची वाटीसारखी घरटी चिकटवतो, उघड्या निळ्या-लाल डोक्याचा, लांब पायांचा आणि माणसाला बुजणारा पक्षी. त्याला लागतं ते जंगल आणि कलता खडक, दोन्ही एकाच जागी; आणि लोखंड ज्या डोंगरांत आहे, खडकही तिथेच आहे.