परिषद की समिती? खुर्चीपुढची पाटी बघा

‘संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने अमुक देशावर ठपका ठेवला’ अशी बातमी आली की प्रतिक्रिया ठरलेली असते: जिथे हुकूमशहांचेच प्रतिनिधी बसतात, त्यांनी दुसऱ्याला काय शिकवावं? राग खरा असतो, पण तो चुकीच्या दारावर जाऊन थडकतो. सरकारांचे प्रतिनिधी बसतात ती मानवाधिकार परिषद. समिती वेगळी. दोघींचं काम जिनिव्हातच चालतं, नावात एका शब्दाचा फरक, शिवाय २००६ साली बंद झालेला मानवाधिकार आयोग अजून लोकांच्या तोंडात आहे. ही गल्लत मला टोचते, कारण एकीच्या दुखण्यावर दुसरीचं औषध सुचवलं जातं.

सोपी खूण सांगतो. सदस्याच्या पुढ्यातली पाटी बघा. परिषदेत पाटीवर देशाचं नाव असतं, समितीत माणसाचं.

परिषदेवर ४७ देश असतात. सर्व सदस्य देशांची आमसभा त्यांना गुप्त मतदानाने तीन वर्षांसाठी निवडते आणि सलग दोनपेक्षा जास्त मुदती मिळत नाहीत. तिथे बसलेला राजदूत आपल्या राजधानीचं म्हणणं मांडतो. स्वतःला काय वाटतं ते सांगायला तो आलेलाच नसतो. समितीचं मूळ नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. हा करार १९६६ मध्ये मंजूर झाला आणि १९७६ पासून लागू आहे. समितीवर १८ तज्ज्ञ असतात. त्यांना निवडतात करारात सामील झालेले देशच, पण निवडून आल्यावर ते कोणाचेही प्रतिनिधी नसतात. करार कसा पाळला याचा स्वतःच्या देशाचा अहवाल तपासणीला आला की त्या देशाच्या सदस्याला बाजूला व्हावं लागतं.

आता परिषदेत काय होतं ते पाहा. चीनच्या शिनजियांग प्रांतात उइघुर मुस्लिमांवर अत्याचार होत असल्याचे आरोप आहेत; तिथल्या परिस्थितीवर नुसती चर्चा करावी, एवढाच प्रस्ताव ऑक्टोबर २०२२ मध्ये परिषदेत आला होता. बाजूने १७ मतं पडली, विरोधात १९, आणि ११ देश तटस्थ राहिले. विरोधातल्या त्या १९ मतांमध्ये एक मत चीनचं होतं. नियमाप्रमाणे यात काहीच गैर नव्हतं, कारण चीन परिषदेचा सदस्य होता.

मग परिषद मोडून सगळं तज्ज्ञांच्या हाती का देऊ नये? मलाही बराच काळ असंच वाटायचं. पण समितीसमोर येतात फक्त करार मान्य केलेले देश. चीनने १९९८ मध्ये सही केली, अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, मात्र आजवर दिलेलं नाही. त्यामुळे शिनजियांगबद्दल समिती चीनला जाब विचारूच शकत नाही. परिषदेच्या ‘सार्वत्रिक नियतकालिक आढाव्या’त, म्हणजे प्रत्येक देशातल्या मानवाधिकारांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सर्व १९३ सदस्य देशांना पाळी येते. तो आढावा बोथट आहे हे खरं. मित्रदेश कौतुकाची भाषणं करतात आणि कोणत्या शिफारशी स्वीकारायच्या ते ज्याचा आढावा तोच देश ठरवतो. तरीही त्या सरकारला सगळ्यांसमोर बसून उत्तरं द्यावी लागतात. परिषद गेली तर तेवढंही उरणार नाही.

परिषद स्वतःच एका सुधारणेतून जन्मली. जुन्या आयोगाने मानवाधिकारांचा जाहीरनामा घडवला होता. त्याच कामात भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी पहिल्या कलमातल्या ‘सर्व पुरुष’ या शब्दप्रयोगाला हरकत घेतली आणि तिथे ‘सर्व मानव’ आले. त्याच आयोगाचं अध्यक्षपद २००३ मध्ये गद्दाफींच्या लिबियाकडे गेलं. मार्च २००६ मध्ये आमसभेने १७० विरुद्ध ४ मतांनी परिषद स्थापली आणि सदस्याला निलंबित करण्याची सोयही ठेवली. ती पहिल्यांदा २०११ मध्ये लिबियावरच वापरली गेली, नंतर २०२२ मध्ये रशियावर.

राहिली ती परिषदेच्या निवडणुकीची पळवाट. तिच्या जागा प्रादेशिक गटांत वाटलेल्या असतात. जागा चार असल्या की प्रादेशिक गट आपसांत ठरवून चारच नावं पुढे करतो. मग निवड कसली? चुरस झाली की चित्र पालटतं. २०२० मध्ये आशिया-पॅसिफिक गटात चार जागांसाठी पाच उमेदवार होते, सौदी अरेबिया पडला. २०२३ मध्ये पूर्व युरोपच्या दोन जागांसाठी तिघे होते, रशिया ८३ मतांवर अडकला आणि बल्गेरिया व अल्बानिया निवडून आले. प्रत्येक गटाने जागांपेक्षा जास्त उमेदवार दिलेच पाहिजेत, ही सुधारणा मला सगळ्यात निकडीची वाटते.

समितीला या औषधाचा उपयोग नाही, तिचं दुखणं वेगळं. देश अहवाल वर्षानुवर्षं उशिरा देतात. समितीच्या निष्कर्षाला ‘निकाल’ नव्हे, ‘मत’ म्हणतात, आणि ते अमलात आणायला तिच्याकडे पोलीस नाही की दंड नाही. तरी त्या मताला वजन असतं. १९९४ मध्ये टूनन विरुद्ध ऑस्ट्रेलिया प्रकरणात समितीने सांगितलं की पुरुषांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारा टास्मानिया या ऑस्ट्रेलियातल्या राज्याचा कायदा खासगीपणाच्या हक्काचा भंग करतो. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याच वर्षी अशा खासगी संबंधांना संरक्षण देणारा कायदा केला आणि १९९७ मध्ये टास्मानियाने जुनी कलमं रद्द केली. एका माणसाच्या तक्रारीने हे घडलं. परिषदेच्या ठरावांना असं एका माणसासाठी उभं राहणं सहसा जमत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये आमसभेने अशा करार-समित्यांना, म्हणजे वेगवेगळ्या मानवाधिकार करारांवर देखरेख ठेवणाऱ्या तज्ज्ञ समित्यांना बैठकांसाठी जास्त वेळ दिला, अहवालांना शब्दमर्यादा घातली आणि कामाची पद्धत सुटसुटीत केली. पण त्याआधीच्या वाटाघाटींत काही सरकारांनी ‘बळकटीकरणा’च्या नावाखाली तज्ज्ञांसाठी आचारसंहिता पुढे रेटली होती. सुधारणा हा शब्द लगाम म्हणूनही वापरता येतो, तो असा. समित्यांच्या अध्यक्षांनी २०१२ मध्ये आदिस अबाबात स्वातंत्र्य आणि निःपक्षपातीपणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वतःच मंजूर करून त्याला उत्तर दिलं.

आज समितीला सगळ्यात जास्त भेडसावतो तो पैसा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकातला अगदी थोडा वाटा मानवाधिकारांच्या कामाला येतो, आणि सदस्य देशांनी वर्गणी थकवली की त्यालाही कात्री लागते. समितीचे सदस्य पगारी नाहीत. फायली तयार करणारे कर्मचारी कमी पडले की तक्रारी वर्षानुवर्षं पडून राहतात. ज्यांची फाशी किंवा हद्दपारी तोंडावर आहे, असे लोकही इथे तक्रार करतात. त्यांच्यासाठी समिती सरकारला लिहिते की निर्णय होईपर्यंत हे थांबवा. ते पत्र वेळेत निघायचं तर फाईल उघडायला कोणीतरी टेबलाशी असावं लागतं.