राजगृह (राजगीर)

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील प्राचीन तटबंद नगर. पाटलिपुत्राच्या आधीची मगधाची राजधानी. महाभारतातले याचे नाव गिरिव्रज. व्रज म्हणजे गुरांचा वाडा. वैभार, विपुल, रत्नगिरी, उदयगिरी, सोनगिरी या टेकड्यांनी वेढलेल्या खोऱ्याला ते चपखल बसते. जरासंधाची राजधानी हीच, असे महाभारत सांगते. बुद्धकाळात येथे बिंबिसार व त्याचा मुलगा अजातशत्रू यांचे राज्य होते.

निसर्गाने दिलेल्या या कोटाला जोड म्हणून टेकड्यांच्या माथ्यावरून सुमारे ४० किमी लांबीचा दगडी तट फिरवलेला आहे. तो मौर्यकाळाच्याही आधीचा मानतात. कोकणातला गडगा राक्षसी मापाने रचावा, तसे त्याचे काम: दोन्ही अंगांना मीटर-दीड मीटर लांबीचे अनघड धोंडे, मध्ये लहान दगडांची भर आणि चुन्याचा कुठेही मागमूस नाही. जाडी ५ मीटरच्या आसपास. दक्षिणेकडील बाणगंगा खिंडीजवळ तो अजून साडेतीन मीटरपर्यंत उभा आहे. तिथेच खडकात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या दिसतात, आणि शेजारी शंखलिपीतली, म्हणजे शंखासारख्या वळणांच्या प्राचीन लिपीतली अक्षरे, जी अद्याप निर्विवादपणे वाचता आलेली नाहीत. अवंतीचा राजा प्रद्योत चालून येईल या धास्तीने अजातशत्रूने नगराची तटबंदी पक्की करायला घेतली, असा उल्लेख मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात आहे.

तटाच्या आत, खोऱ्यात, आणखी एक कोट होता. वैद्य जीवकाने बुद्धाला दिलेल्या आमराईची जागा म्हणून दाखवतात तिथे लांबट, दोन्ही टोकांना गोलाई असलेल्या दालनांचे पाये सापडले. बुद्धाच्या निर्वाणानंतरची पहिली धम्मसंगीती (भिक्षूंची धर्मसभा) वैभारावरील सप्तपर्णी गुहेपाशी भरली, अशी परंपरा आहे.

नगर खोऱ्याबाहेर का हलले, याची चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने दिलेली हकिकत मोठी गमतीची आहे. घरे दाटीची, आगी नित्याच्या; म्हणून ज्याच्या घरून आग लागेल त्याने स्मशानात जाऊन राहावे असा राजाने नियम केला. पहिली आग राजवाड्यातच लागली! बिंबिसार शब्दाला जागून बाहेर पडला आणि त्याच्याभोवती नवे राजगृह वसले. त्याच्या आधी येऊन गेलेला चिनी यात्रेकरू फाहियान मात्र या नव्या नगराचे श्रेय अजातशत्रूला देतो. पुढे राजधानी पाटलिपुत्राला गेली.

जैनांसाठी हे विसाव्या तीर्थंकरांचे, मुनिसुव्रतांचे, जन्मस्थान. रत्नगिरीवरचा पांढरा विश्वशांती स्तूप १९६९चा; तो उभारणारे जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले होते. आज येणारे बहुतेक जण रोपवेने या स्तूपापर्यंत जातात आणि तट न पाहताच परततात. वैभाराच्या पायथ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांवर मात्र बारमाही गर्दी असते. दर तिसऱ्या वर्षी अधिक मासात, आपल्याकडे जावयाला अनारसे मिळतात त्या धोंड्याच्या महिन्यात, येथे महिनाभर मलमास मेळा भरतो. तेव्हा तेहतीस कोटी देव राजगीरला मुक्कामी असतात, अशी तिथली श्रद्धा आहे.