ती स्टेन नव्हे, स्टर्लिंग!

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये जुलमी साम्राज्याचे पांढऱ्या चिलखतातले शिपाई जी बंदूक घेऊन धावतात, तिला कुणी ना कुणी 'स्टेनगन' म्हणतंच. ती स्टेन नाही, स्टर्लिंग नावाची दुसरी ब्रिटिश बंदूक आहे. वर दुर्बीण चढवली, नळीच्या आवरणावर काळ्या पट्ट्या बसवल्या आणि तिची 'ब्लास्टर', म्हणजे सिनेमातली काल्पनिक बंदूक, झाली.

स्टेन सगळ्यांना ठाऊक आहे: १९४१ ची, घाईत आणि स्वस्तात बनवलेली ब्रिटिश सबमशिनगन. दोन्हींत ९ मिमीचंच काडतूस, दोन्हींचं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, डाव्या अंगाला आडवं. लोक इथवरच पाहतात आणि फसतात.

पाहायचा असतो तो मॅगझिनचा आकार. स्टेनचं सरळ, ३२ काडतुसांचं. आत दोन रांगा, पण तोंडाशी त्यांची एकच रांग व्हायची. त्या चिंचोळ्या जागी जरा धूळ गेली किंवा पत्रा चेपला, की काडतूस अडकलंच. शिवाय हे काडतूस टोकाकडे किंचित निमुळतं असतं, त्यामुळे एकावर एक रचत गेलं की रास आपोआप वळते. स्टर्लिंगची रचना करणाऱ्या जॉर्ज पॅचेट यांनी ते वळण मान्य केलं. ३४ काडतुसांचं वाकडं मॅगझिन, काडतुसं पुढे ढकलणाऱ्या भागाला रोलर, आणि दोन्ही रांगा शेवटपर्यंत वेगळ्या: एकदा डावीकडचं, एकदा उजवीकडचं. माझ्या मते स्टर्लिंगचं मोठेपण या मॅगझिनमध्येच आहे.

आणि सिनेमावाल्यांनी नेमकं तेच कापून आखूड केलं! वळण गेलं, ओळख गेली. म्हणून पडद्यावर मॅगझिनच्या भरवशावर राहू नका. भोकाभोकांचं आवरण नळीच्या तोंडापर्यंत जातं का आणि दुमडलेला दस्ता त्याच्या खाली आहे का, ते पाहा. दोन्ही असेल तर स्टर्लिंग. नेहमीच्या मार्क २ स्टेनचं आवरण आखूड, पुढे नळी उघडी, आणि पिस्तुलासारखी मूठ नाहीच.

स्टर्लिंगला 'दुसऱ्या महायुद्धातली बंदूक' म्हणणंही थांबवा. युद्धाच्या अखेरीस तिच्या चाचण्या झाल्या खऱ्या, पण ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली १९५३ मध्ये.

आपल्याकडे हीच बंदूक कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनली. पोलीस तिला 'कार्बाइन' म्हणतात, बातम्यांत मात्र 'स्टेनगन' छापून येतं. बंदोबस्तावरच्या पोलिसाकडे जुनी कार्बाइन दिसली तर नीट पाहा: तेच भोकांचं आवरण, तेच वाकडं मॅगझिन, इथे न कापलेलं.