सिंक्लेअर, सर जॉन

(१० मे १७५४ – २१ डिसेंबर १८३५). स्कॉटिश जमीनदार, संसदसदस्य व शेतीसुधारणेचा पुरस्कर्ता. जन्म स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील केथनेस परगण्यात थर्सो येथे. वडिलांच्या मृत्यूनंतर १७७० मध्ये अल्बस्टरची जहागीर त्याच्याकडे आली. शिक्षण एडिंबरो, ग्लासगो व ऑक्सफर्ड येथे झाले. १७८० ते १८११ या काळात तो अधूनमधून कॉमन्स सभेत होता. केथनेस व ब्यूट या दोन स्कॉटिश परगण्यांना आलटून पालटून प्रतिनिधी मिळे. त्यामुळे केथनेसची पाळी नसे तेव्हा त्याला लॉस्टविथिएल, पीटर्सफील्ड अशा दूरच्या इंग्लिश मतदारसंघांतून निवडून यावे लागले. १७८६ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला.

त्याची कीर्ती मुख्यतः ‘स्टॅटिस्टिकल अकाउंट ऑफ स्कॉटलंड’ (२१ खंड, १७९१–९९) या पाहणीवर उभी आहे. १७९० मध्ये त्याने पॅरिशोपॅरिशीच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील विभाग) पाद्र्यांना १६० प्रश्न पाठविले (पुरवणी प्रश्न वेगळे). जमीन, लोकसंख्या, पिके, मजुरी यांबरोबरच पॅरिशमधील सर्वांत उंच माणसाची उंचीही त्यांत विचारली होती. चालढकल करणाऱ्यांकडे त्याने पत्रांचा तगादा लावला आणि शेवटी स्वतःची माणसे धाडली. अशा रीतीने ९३८ पॅरिशांची माहिती जमली. उत्तरे लिहिणाऱ्याच्या हौसेप्रमाणे कुठे पानेच्या पाने, तर कुठे चार ओळींत आटोपलेली आहेत.

‘स्टॅटिस्टिक्स’ (संख्याशास्त्र) हा शब्द इंग्रजीत सिंक्लेअरने आणला, असे पुष्कळ ठिकाणी म्हटले जाते. जर्मनीतील प्रवासात हा शब्द आपल्याला सापडला, असे तो स्वतःही सांगतो. तथापि जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाचा प्राध्यापक आखेनवाल याने अठराव्या शतकाच्या मध्यास या अभ्यासाला रूप दिले होते, आणि जर्मन लेखक बीलफेल्ट याच्या ग्रंथाच्या १७७० च्या इंग्रजी अनुवादात व झिमरमानच्या १७८७ मधील पुस्तकातही हा शब्द आढळतो. तेव्हा सिंक्लेअरला जनक न म्हणता प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. त्याने अर्थ मात्र निश्चित बदलला: जर्मनांना राज्याचे बळ मोजायचे होते, सिंक्लेअरला रहिवाशांच्या सुखाचे प्रमाण व ते वाढविण्याचे उपाय हवे होते. मराठीतील ‘संख्याशास्त्र’ संख्येपासून निघाले. मूळ शब्दाची नाळ राज्याशी आहे आणि सिंक्लेअरच्या खंडांतही आकड्यांपेक्षा वर्णनच अधिक आहे.

१७९३ मध्ये स्थापन झालेल्या शेती मंडळाचा तो पहिला अध्यक्ष. शेतीविषयक लेखक आर्थर यंग हा सचिव. १७९२ च्या सुमारास त्याने केथनेसमधील लँगवेल येथे शेव्हियट जातीच्या सुमारे पाचशे मेंढ्या आणविल्या. मेंढीपालनात लहान कुळांनाही सामावून घ्यावे, असे त्याचे मत होते. इतर जमीनदारांनी मात्र मेंढ्या घेतल्या आणि कुळे हुसकावली. थर्सोचे नवे नगर त्यानेच आखले.

त्याचे निधन एडिंबरो येथे झाले. होलीरूडच्या मठात त्याचे दफन करण्यात आले.